वीज गेल्यावर मी काय करतो

मी व्हॉल्व्ह बोलतोय. आधीच शपथ घेऊन टाकतो, म्हणजे नंतर कटकट नको. पुढे जे सांगणार आहे त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. माझा जन्म ज्वालामुखीच्या पोटात झाला. वितळलेलं पोलाद डोंगरावरून वाहत आलं, समुद्रात पडून चर्र झालं आणि त्यातून मी बाहेर आलो.

बरं, ज्वालामुखी नव्हता. राजकोटच्या बाहेरची एक भट्टी होती, आणि समुद्र म्हणजे तिथलीच एक टाकी. पण चर्र झालं होतं, त्यात खोट काढू नका.

मी मुठीएवढा आहे. खाली स्टेनलेसचं धड, धडात एक गुळगुळीत गोळा, आणि गोळ्याला आरपार भोक. डोक्यावर काळ्या डबीत छोटीशी मोटार. मोटारीने गोळा पाव फेरा फिरवला की भोक नळीच्या रेषेत येतं आणि वाट मोकळी होते. उलटा पाव फेरा फिरवला की वाट बंद. माझ्या पोटातून असा आरपार बोगदा असल्यामुळे त्यात काही राहत नाही, म्हणून तर हे सगळं तुमच्यापाशी बोलतोय.

माझ्यात एक जास्तीचा गुण आहे. त्या डबीत मी थोडी वीज शिदोरीसारखी बांधून ठेवतो. घरातली वीज गेली की त्या शिदोरीवर शेवटचा पाव फेरा घेतो आणि स्वतःहून बंद होतो. कारखान्यात आम्हाला हेच पढवलं होतं. वीज गेली? मग बंद व्हा. का, कशासाठी, ते विचारायचं नाही. चांगल्या घरच्या मुलांसारखे आम्ही ऐकत आलो.

राजकोटहून मी कोलकात्याला आलो आणि चाँदनीच्या बाजारात बापीदाच्या दुकानात लागलो. एस्प्लनेडहून चालत गेलात तर गर्दीच तुम्हाला तिथे ढकलत नेते. दुकान एवढं अरुंद की बापीदाला शिंक आली तर तो आधी रस्त्यावर यायचा. दाराच्या घंट्या आणि पंख्याचे रेग्युलेटर यांच्यामध्ये मी बसून होतो. मला घ्यायला बरेच जण आले. एक राजा हत्तीवरून आला होता. नाही, टॅक्सीतून आला होता. आणि राजा नव्हता, पण मिशा राजासारख्या होत्या.

मग एके दिवशी वृंदाताई आल्या.

मी आधी त्यांचे हात पाहिले. साठीच्या बाईचे हात, पण बोटं सांध्यांपाशी सुजून एका बाजूला वळलेली, वाऱ्याने कललेल्या गवतासारखी. संधिवात. त्यांनी दोन्ही तळव्यांमध्ये धरून एक पिशवी आणली होती. ती त्यांनी गल्ल्यावर ठेवली. आत एक व्हॉल्व्ह होता, आणि त्याला आल्याचा वास येत होता.

"बापीदा, ये नहीं चलता," त्या म्हणाल्या.

"बौदी," बापीदा म्हणाला. बौदी म्हणजे वहिनी. "ये तो पानी का है. आपने इसमें क्या चलाया?"

"अदरक."

"अदरक?" बापीदाने व्हॉल्व्ह नाकाशी नेला. "बौदी, इसमें तो पूरा पूजा का भोग चला गया."

पिशवीतला तो व्हॉल्व्ह आमच्या जातीतला, पण वेगळ्या घराण्यातला. सोलेनॉइड म्हणतात त्याला. आत तारेचं वेटोळं असतं. वीज लागली की टक् करून उघडतो, गेली की टक् करून मिटतो. चपळ आहे, त्याबद्दल वाद नाही. वृंदाताई त्या चपळाईलाच भुलल्या होत्या. पण त्याची वाट सुईच्या नेढ्यासारखी, आणि उघडायला त्याला मागून पाण्याचा चांगला रेटा लागतो. ओट्यावरच्या पातेल्यातून नुसता खाली उतरणारा रस त्याला काय रेटणार? तो अर्धवट उघडला, त्यात आल्याचा दोरा अडकला, आणि मग तो ना उघडा ना बंद. गुळाचा रस स्वयंपाकघरभर पसरला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या बेहाल्यातल्या मुंग्या जमल्या, आणि त्या पुरेनात म्हणून बजबजच्या मुंग्या लोकल धरून आल्या.

"मी तेव्हाच म्हणत होतो," मागून आवाज आला. हे श्यामसुंदरराव, वृंदाताईंचे यजमान. बजबजला तेलाच्या डेपोत सगळी नोकरी केली आणि तिथूनच निवृत्त झाले. व्हॉल्व्ह दिसला की यांचा चेहरा नातू दिसल्यासारखा फुलायचा.

"तुम्ही म्हणत होतात पितळेचा घे," वृंदाताई म्हणाल्या.

"पितळ मजबूत असतं."

"आलं, लिंबू, गूळ, आणि वर पितळ! कल्हई नसलेल्या भांड्यात आंबट ठेवलं की कळकतं, हे मला तुमच्याच आईंनी शिकवलंय. त्यांनी चिरंजीवांना शिकवलेलं दिसत नाही."

"मला त्यांनी पितळेचा डबा भरून चिवडा दिला होता. तो नाही कळकला."

"टिकला कुठे कळकायला!"

बापीदाला मराठी येत नव्हतं, पण नवरा-बायकोचं भांडण कुठल्याही भाषेत कळतं. तो गालात हसत फळीवरून मला खाली घेऊन आला.

वृंदाताईंनी मला तळव्यावर घेतलं आणि ट्यूबलाइटकडे धरून एका डोळ्याने माझ्यातून पाहिलं. आजवर एवढं निरखून मला कुणी पाहिलं नव्हतं. मी लाजलो. "आरपार दिसतंय हो," त्या म्हणाल्या. "नळी जेवढी रुंद तेवढंच भोक. दोरा अडकायला जागाच नाही." मग त्यांनी उलटतपासणी घेतली. उकळता रस चालेल का? गोळा ज्यावर टेकतो त्या आतल्या बैठकीला काय आहे? टेफ्लॉन. रेटा नसला तरी उघडेल का? बापीदाने मला बॅटरी लावून दाखवली. मी सावकाश, मानाने उघडलो.

"हळू आहे," वृंदाताई म्हणाल्या.

"हळूच हवा. झटकन बंद झाला की नळीला धक्का बसतो," श्यामसुंदरराव म्हणाले, आणि या वेळी ते बरोबर होते.

मग बापीदाने खरा प्रश्न काढला. आमच्यात तीन स्वभाव असतात. एक, वीज गेली की आहे तिथेच थबकणारा. दुसरा, बंद होणारा, म्हणजे मी. आणि तिसरा, उघडणारा. "वो मँगाना पड़ेगा," बापीदा म्हणाला.

"कशाला? आपल्याला तीन लागतात, तिन्ही बंद होणारे द्या," श्यामसुंदरराव म्हणाले.

"झाकणावरचाही?" वृंदाताई थांबल्या. "एक तर आंबवायच्या टाकीच्या झाकणावर बसणार आहे. आलं फसफसतं तेव्हा त्याचा वायू त्यातून जायचा."

"अगं, व्हॉल्व्ह म्हणजे व्हॉल्व्ह. डेपोत वीज गेली की आधी सगळं बंद, मग चहा, मग चौकशी."

"तुमचं तेल फसफसत नव्हतं."

"नव्हतं म्हणूनच तुझ्यासमोर उभा आहे."

वृंदाताईंनी माझ्याकडे पुन्हा एकदा पाहिलं. काहीतरी त्यांच्या ओठांवर आलं होतं. मग म्हणाल्या, "असेल. व्हॉल्व्हमधलं तुम्हाला जास्त कळतं." आणि आम्ही तिघं भाऊ एका पिशवीतून बेहाल्याला गेलो.

घरी आल्यावर मला सगळा मामला कळला. या घराला महाराष्ट्र सोडून निम्मं आयुष्य झालं होतं. बदलीच्या पहिल्या वर्षी शेजारच्या एका अँग्लो-इंडियन बाईंनी वृंदाताईंना आल्याची बीअर करायला शिकवली. नावच तेवढं बीअर. इथल्या महाराष्ट्र मंडळातले काका नाव ऐकून कान टवकारतात आणि पिऊन झाल्यावर हिरमुसतात. आल्याचा रस उकळायचा, गूळ घालायचा, गार करून विरजण लावायचं, आणि आंबता आंबता त्यात बुडबुडे धरू द्यायचे. वृंदाताईंनी त्यात हिवाळ्यात साठवलेला खजुराचा नोलेन गूळ आणि गंधराज लिंबाची साल घातली आणि ते पेय आपलं करून टाकलं. दर एक मेला, महाराष्ट्र दिनाला, कोलकात्यातली मराठी माणसं मंडळाच्या सभागृहात घामाघूम होऊन भाषणं ऐकायची, ती त्यानंतरच्या त्या ग्लासाच्या आशेवर.

गेल्या वर्षी तो ग्लास मिळाला नाही. बोटांनी दगा दिला, उकळतं पातेलं हातातून निसटलं आणि पाय भाजला. सभागृहात कोला वाटला गेला. मंडळाच्या निर्मलाताई गळ्यात गळा घालून म्हणाल्या, "पुष्कळ केलंत हो, आता आराम करा." अगदी प्रेमाने म्हणाल्या.

"मदतीला कोणी तरी ठेव," श्यामसुंदरराव म्हणाले होते.

"मग ते तिचं आलं होईल. मला माझं करायचंय. पातेलं उचलायचं नाही, नळ पिळायचा नाही. माझ्या बोटांना न विचारता झालं पाहिजे."

असं हे प्रकरण. ओट्यावर विजेच्या शेगडीवर पातेलं, त्याच्या बुडाशी थोरला भाऊ. खाली गार पाण्यात वेटोळ्याची नळी, त्या पाण्यावर मधला भाऊ. आणि बाल्कनीच्या दाराशी स्टीलची टाकी, तिच्या चापाच्या झाकणावर मी. माझ्यापासून एक नळी पाण्याच्या बरणीत सोडलेली. आलं आंबायला लागलं की वायू माझ्यातून जायचा आणि बरणीत बुडबुड व्हायची. शेवटी मी मिटायचं, म्हणजे पेयात फस टिकतो. झाकणाला कुकरसारखी दाब वाढला की उडणारी शिट्टीही बसवायची होती, पण तिचं भोक पाडणारा मिस्त्री गावाला गेला होता. "बसवू एक मेनंतर," श्यामसुंदरराव म्हणाले.

कुणी कधी उघडायचं, कधी मिटायचं, ते सांगणारा आमचा मेंदू नूपुरने लिहिला. नूपुर म्हणजे लेक. न्यू टाउनला आयटीत नोकरी, तिथेच भाड्याच्या घरात राहणं, आणि जन्म कोलकात्याचा, त्यामुळे मराठी अशी की व्याकरणाने डोक्याला हात लावावा. पण प्रेम करायला ती पुरते.

"आई, मी हे करून देते," ती म्हणाली, "पण मला भीती लागते. एकच बॅच. काय पण झालं ना, तर मी सगळं खाली उतरवणार. तू प्रॉमिस दे."

"काय पण नाही गं, काहीही."

"आई! प्रॉमिस."

वृंदाताईंनी टाकीकडे पाहिलं, मग आपल्या हातांकडे. "दिलं," त्या म्हणाल्या.

पहिला दिवस झकास गेला. वृंदाताईंनी तळव्याने एक मोठं बटण दाबलं आणि बाकीचं आम्ही केलं. थोरला उघडला, रस दोऱ्यांसकट सरसर उतरला. मधल्याने गार पाणी फिरवलं. टाकी भरली, विरजण पडलं, चाप श्यामसुंदररावांनी लावला. दुसऱ्या दिवसापासून बरणीत बुडबुड सुरू झाली. वृंदाताई तिच्यापाशी वेताचा मोडा ओढून बसायच्या आणि भाताला कढ आला की नाही ते ऐकावं तसं कान देऊन ऐकायच्या. एप्रिलच्या उकाड्यात आलं पिसाटलं होतं. मी मधोमध उघडा उभा. माझ्यातून वारं वाहत होतं, आणि मला वाटत होतं, आपण बासरी आहोत.

एक मे चार दिवसांवर आला असताना श्यामसुंदरराव जुन्या सहकाऱ्यांना भेटायला बजबजला गेले. दुपार कलली आणि आकाश एकाएकी शाईसारखं झालं. कालबैशाखी. कोलकात्याचं हे वादळ आधी वर्दी देत नाही. खिडक्या आपटल्या, खालच्या गुलमोहराची एक फांदी बाल्कनीत येऊन बसली, आणि वीज गेली.

पंखा इन्व्हर्टरवर चालू राहिला. नूपुरने बसवून दिलेलं वायफाय चालू राहिलं. आमचा मेंदू इन्व्हर्टरवर नव्हता. त्या टाकीला विजेची गरज तरी काय, असंच सगळ्यांना वाटलं होतं.

मी काय केलं? जे शिकलो होतो ते केलं. शिदोरी सोडली, पाव फेरा घेतला आणि बंद झालो. अगदी घट्ट, अभिमानाने. बरणीतली बुडबुड थांबली.

पण वीज गेली म्हणून आलं थोडंच थांबतं? ते आपलं आत फसफसत राहिलं. मला खालून पहिला धक्का जाणवला तो कुणी दारावर बोट वाजवावं तसा. मग मूठ. मग खांदा. झाकणाचा पत्रा चपटा होता, तो तव्यावरच्या पोळीसारखा फुगू लागला.

वृंदाताई पेंगत होत्या. बुडबुड थांबल्याने त्या जाग्या झाल्या, जशी आई मूल रडायचं थांबल्यावर दचकते. त्यांनी झाकण पाहिलं आणि लगेच ओळखलं. फोन डब्यांच्या फळीला टेकवून त्यांनी मनगटाने नूपुरला व्हिडिओ लावला.

"आई, काय झालं? तू ठीक आहे?"

"वीज गेली. हा मेला बंद झालाय आणि टाकी फुगतेय."

"हात नको लाव! बाहेर जा, दरवाजा ओढ. फुटते तर फुटू दे!"

"चाप निघतो का बघते."

"नको! झाकण उडून तोंडावर येणार! आई, प्लीज, मी बोलते ना!"

"बरं, चापाला नाही हात लावत." वृंदाताईंनी पलंगावरची जाड गोधडी ओढली, नळाखाली भिजवली आणि टाकीवर टाकली. फक्त माझं डोकं बाहेर राहिलं. "बाबांचा फोन लागत नाहीये. गाड्या बंद असणार."

"मग तू निघ ना तिथून!"

"निघाले तर तू हे सगळं उतरवशील."

"हो! उतरवणार! तू इम्पॉर्टंट आहे, आलं नाही!"

"नूपुर," वृंदाताई म्हणाल्या, आणि वादळातही तो आवाज मला स्वच्छ ऐकू आला, "आराम करायला मला अजून वेळ आहे."

इथे माझा क्षण आला. एका बाजूला कारखान्याचा कायदा, वीज नसताना बंद. दुसऱ्या बाजूला वृंदाताई. खालून वायू रेटत होता, डबीतली शिदोरी संपलेली होती. मी मनाशी म्हटलं, कायदा गेला खड्ड्यात. मी दात ओठ खाल्ले, म्हणजे आतली दातेरी चाकं एकमेकांवर आवळली, आणि विजेच्या एका थेंबाशिवाय, केवळ निश्चयाच्या जोरावर, गोळा फिरवायला घेतला. तो किंचाळला. मीही किंचाळलो. केसभर फट पडली आणि फुस्स झालं. मग फट वाढली, आणि टाकीने एवढा मोठा श्वास सोडला की आल्याचा आणि गंधराजाचा घमघमाट बेहाला चौरस्त्यापर्यंत गेला. ट्राम बंद पडली. तिथे आता ट्राम नाही, पण असती तर बंद पडली असती.

बरणीत पाणी खळखळलं. झाकण हळूहळू खाली बसलं. वृंदाताई भिंतीला टेकून जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, "आलं वाचलं गं."

पलीकडे नूपुरने फोन ठेवला आणि गाडी काढली.

श्यामसुंदरराव आधी पोहोचले, नखशिखांत भिजलेले. सगळं ऐकून ओल्या कपड्यांनीच मोड्यावर बसले.

"बजबजच्या टाकीवर, अगदी वर, काय असायचं हो?" वृंदाताईंनी विचारलं.

"श्वासाची नळी. तेल भरताना-काढताना हवा जायला-यायला."

"आणि वीज गेली की ती बंद करायचात?"

"वेड लागलंय का तुला? ती कधी बंद..." ते तिथेच थांबले. माझ्याकडे पाहिलं, झाकणाकडे पाहिलं. पाण्याचा एक ओघळ नाकावरून खाली पडला. "मी झाकण पाहिलंच नाही गं," ते हळू म्हणाले. "व्हॉल्व्ह पाहिला."

"मीही दुकानात गप्प बसले. आलं मला कळतं, हे तेव्हाच बोलायला हवं होतं."

"मग आता?"

"आता चहा, मग चौकशी," वृंदाताई म्हणाल्या. "पण आधी डोकं पुसा."

तेवढ्यात नूपुर आली. हातात पाना होता. मी मनात म्हटलं, संपलं. तिने गोधडी बाजूला केली, टाकीभोवती फिरून पाहिलं. मग आईसमोर उकिडवी बसली.

"मी बोलली होती, काय पण झालं तर उतरवणार."

"दिलंय वचन. उतरव," वृंदाताई म्हणाल्या. "पण आधी ऐक. याला या जागेवरून उतरव. इथे वीज गेली की उघडणारा लागतो. बापीदा मागवून देईल. तो येईपर्यंत नुसती नळी बरणीत राहू दे. शिट्टीचा मिस्त्री उद्याच्या उद्या शोधायचा. शिट्टी बसेपर्यंत कोणी टाकी मिटायची नाही. आणि तुझा तो मेंदू इन्व्हर्टरवर घे, वायफाय काढून."

"वायफाय काढून?" नूपुर म्हणाली.

"बघ, याच्यावर हरकत!" श्यामसुंदरराव म्हणाले.

नूपुर हसली, आणि हसताना रडली, आणि पाना माझ्या मानेला लावला. मला सोडवून हातात धरून तिने विचारलं, "आई, मग ह्याला कुठे लावू?"

असं ते सारं उभंच राहिलं. बापीदाने उघडणारा व्हॉल्व्ह दोन दिवसांत आणवला. "दादा, ये वाला पहले बोलते," तो श्यामसुंदररावांना म्हणाला. श्यामसुंदरराव म्हणाले, "बौदी बोली थी, हम नहीं सुना."

एक मेला सभागृहात भाषणं झाली आणि मग ग्लास आले. मी तिथे नव्हतो, पण या डोळ्यांनी सगळं पाहिलं. निर्मलाताईंनी पहिला घोट घेतला, नाकात फस गेला, डोळ्यांत पाणी आलं. "अय्या, तेच! वृंदाताई, कोणाकडून करून घेतलंत?"

"मी केलं," वृंदाताई म्हणाल्या, आणि दुसरा ग्लास दोन्ही तळव्यांत धरून पुढे केला.

मी सध्या भांडी धुवायच्या पाण्यावर असतो. मानाची जागा नाही, हे मला कळतं. पण इथे वीज गेली आणि मी बंद झालो तर निदान घर भिजत नाही. माझा स्वभाव वाईट नव्हता, जागा चुकली होती. तुमच्यापैकी कुणी घरी असं काही उभं करत असाल तर आम्हाला निवडताना माप बघा, धातू बघा, वाट किती रुंद ते डोळा लावून बघा. पण त्याआधी एकेका जागेपाशी उभे राहा आणि विचारा की वीज गेल्यावर इथे काय व्हायला हवं. हे आम्हाला विचारू नका, आम्ही पढवलेलंच सांगू. नळीतून जे वाहणार आहे ते ज्याच्या हाताखालून गेलंय, त्याला विचारा.

आता तुम्ही म्हणाल, एवढी घाबरलेली नूपुर इतक्या सहज कशी वळली? एका व्हॉल्व्हने शौर्य दाखवलं म्हणून? मला वाटलं होतं तुम्ही हे विचारणार नाही.

ज्वालामुखीचं, हत्तीचं, मुंग्यांचं सोडून द्या. ते तर कुणालाही कळतं. खोटं सांगितलं ते एकच. विजेवाचून व्हॉल्व्ह आपला आपण फिरत नाही. माझ्या डोक्यावर हाताने फिरवायची एक खाच असते. तिच्याबद्दल मी अवाक्षर काढलं नाही, कारण काढलं असतं तर माझी फुशारकी तिथेच उघडी पडली असती. धडधाकट माणूस पेचकसाने ती फिरवतो. वृंदाताईंच्या बोटांत पेचकस टिकेना. दोनदा पडला. तिसऱ्यांदा त्यांनी तो उचललाच नाही. भिंतीवरचं लोखंडी उलथणं दातांत धरून काढलं, त्याचं पातं खाचेत बसवलं, दांडा कोपराच्या खोबणीत घेतला आणि सगळं अंग त्यावर टाकलं. पातं निसटलं. पुन्हा बसवलं. पुन्हा निसटलं. नूपुर फोनमधून ओरडायची थांबली होती. ती पाहत होती.

चौथ्या की पाचव्या वेळेला गोळा फिरला. फिरला माझाच, पण फिरवला तो वृंदाताईंनी.